युद्ध आखातात, भुर्दंड न्हाणीत : हिंगोलीच्या घरातल्या गॅसचा हिशेब

हिंगोली : थंडी वाढली की गॅसची टाकी लवकर उतरते, हे आपल्याकडच्या प्रत्येक घराला माहीत आहे. भाकरी-भाजी तेवढीच, माणसं तेवढीच, पण डिसेंबर-जानेवारीत टाकी आठ-दहा दिवस आधीच संपते. कारण साधं आहे : आंघोळीचं पाणी. युरोपात थंडीचा खर्च म्हणजे खोल्या गरम ठेवण्याचा खर्च. आपल्याकडं कुणी खोली तापवत नाही. अंगणात शेकोटी, अंगावर वाकळ आणि सकाळी न्हाणीत गरम पाण्याची बादली, एवढीच आपली ऊब. पण त्या बादलीखालचा जाळ ज्या गॅसवर पेटतो, तो निम्म्याहून जास्त समुद्रापलीकडून येतो. तिकडं तोफा वाजल्या की इकडं न्हाणीतल्या पाण्याचा भाव बदलतो.

फरक एवढाच, की तो भाव त्याच दिवशी बदलत नाही. तो उशिरा येतो आणि आला की उशिराच जातो. या लेखातला मुख्य मुद्दा तोच आहे. युद्धाची बातमी टीव्हीवर पंधरा दिवस चालते, टाकीवरचा तिचा परिणाम वर्ष-दीड वर्ष चालतो. आणि त्या मधल्या काळात ज्या घरांना परवडत नाही, ती घरं गुपचूप चुलीकडं परततात. त्याची नोंद कुठल्याच भावफलकावर होत नाही.

आपली टाकी भरते कुठून?

देशात वर्षाला ३ कोटी टनांहून जास्त एलपीजी लागतो. त्यातला सुमारे ४० टक्के देशातल्या रिफायनऱ्या आणि गॅस प्रक्रिया प्रकल्पांतून निघतो. उरलेला जवळपास ६० टक्के आयात होतो. या आयातीत आजवर ९० टक्क्यांच्या आसपास वाटा संयुक्त अरब अमिराती, कतार, सौदी अरेबिया आणि कुवेत या आखाती देशांचा राहिला आहे. या देशांतून भरलेली जहाजं इराण आणि ओमानच्या मधल्या होर्मुझच्या सामुद्रधुनीतून बाहेर पडतात. ही खिंड सगळ्यात अरुंद जागी साधारण ३३ किलोमीटर आहे. म्हणजे हिंगोली ते औंढा नागनाथ हे अंतर थोडं वाढवलं तर जेवढं होईल, तेवढीच. २०२४ मध्ये जगात वापरल्या गेलेल्या तेलाचा सुमारे पाचवा हिस्सा याच वाटेनं गेला.

जून २०२५ मध्ये ही वाट बंद होते की काय, अशी वेळ आली होती. १३ जूनला इस्रायलनं इराणवर हल्ला केला. २२ जूनला अमेरिकेनं इराणच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले. त्याच दिवशी इराणच्या संसदेनं होर्मुझ बंद करण्याच्या बाजूनं कौल दिला. २३ जूनला इराणनं कतारमधल्या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रं सोडली आणि २४ जूनला युद्धविराम झाला. बारा दिवसांत प्रकरण मिटलं, खिंड उघडीच राहिली आणि आपल्या टाकीचा भाव एक रुपयानंही हलला नाही. म्हणून गावात कुणाला त्याचं फार काही वाटलं नाही.

पण वाटायला हवं होतं. देशात एलपीजी साठवण्यासाठी जमिनीखाली खडकात खोदलेल्या मोठ्या गुहा दोनच ठिकाणी आहेत : विशाखापट्टणमला ६० हजार टनांची आणि मंगळूरला ८० हजार टनांची. दोन्ही मिळून १ लाख ४० हजार टन. देशाची एका दिवसाची गरज साधारण ८५ हजार टन. म्हणजे या दोन्ही गुहा काठोकाठ भरलेल्या असल्या तरी देशाला दोन दिवससुद्धा पुरत नाहीत. बंदरांवरच्या टाक्या, बॉटलिंग प्लांटचा साठा आणि वाटेतली जहाजं धरून गाडं चालतं. कच्च्या तेलासाठी विशाखापट्टणम, मंगळूर आणि पाडूर इथं ५३ लाख टनांचे राखीव साठे आहेत, पण कच्चं तेल शेगडीत जळत नाही. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर कणगीत ज्वारी आहे, पण पिठाच्या डब्यात दोन दिवसांचंच पीठ आहे.

२०२२ चं युद्ध आपल्या घरी कधी पोचलं?

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियानं युक्रेनवर हल्ला केला. युरोपातल्या देशांनी रशियाचा गॅस सोडून जगभरातून मिळेल तो गॅस आणि तेल खरेदी करायला सुरुवात केली. रशियाचा एलपीजी आपल्याकडं फारसा येत नव्हता. तरी भाव आपल्याकडं चढला, कारण बाजार एकच आहे. आपण ज्या दरानं आयात करतो, तो सौदी अरामको कंपनी दर महिन्याला जाहीर करते. एप्रिल २०२२ मध्ये हा दर टनाला ९४० ते ९६० डॉलरवर गेला.

याचा हिशेब मांडून बघू. डॉलर तेव्हा ७६ रुपयांच्या आसपास होता. म्हणजे एका टाकीतल्या १४.२ किलो गॅसची नुसती किंमत सुमारे १,०२५ रुपये झाली. जहाजभाडं, विमा, बॉटलिंग, ट्रकची वाहतूक, वितरकाचं कमिशन आणि ५ टक्के जीएसटी हे सगळं वेगळं. आणि त्या महिन्यात मुंबईत भरलेली टाकी विकली जात होती ९४९ रुपये ५० पैशांना. म्हणजे कंपन्या तोट्यात विकत होत्या. ही गोष्ट खरी आहे आणि ती मान्य केली पाहिजे : युद्धाचा पहिला फटका ग्राहकापर्यंत पूर्ण आला नाही. केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये तेल कंपन्यांना २२ हजार कोटींची मदत दिली, तेव्हा सांगितलेला आकडा असा होता : जून २०२० ते जून २०२२ या काळात आंतरराष्ट्रीय भाव सुमारे ३०० टक्के वाढले, देशातली टाकी ७२ टक्के वाढली.

आता पुढचं बघा. मुंबईतल्या १४.२ किलोच्या टाकीचा भाव असा चालला :

- मे २०२० : ५७९ रुपये
- ऑक्टोबर २०२१ : ८९९.५०
- २२ मार्च २०२२ : ९४९.५०
- ७ मे २०२२ : ९९९.५०
- १९ मे २०२२ : १,००२.५०
- ६ जुलै २०२२ : १,०५२.५०
- १ मार्च २०२३ : १,१०२.५०
- ३० ऑगस्ट २०२३ : ९०२.५०
- ९ मार्च २०२४ : ८०२.५०
- ८ एप्रिल २०२५ : ८५२.५०

हिंगोलीत वाहतुकीमुळं यात थोडा फरक पडतो, पण चढ-उतार हाच.

ही यादी नीट वाचली तर एक गोष्ट डोळ्यात भरते. सगळ्यात महाग टाकी युद्धाच्या ऐन भरात, एप्रिल २०२२ मध्ये नव्हती. ती होती मार्च ते ऑगस्ट २०२३ मध्ये, म्हणजे युद्ध सुरू झाल्यावर एक वर्षानंतर. आणि जुलै २०२३ मध्ये सौदी दर किती होता? सरकारनंच दिलेल्या आकड्यानुसार टनाला ३८५ डॉलर. तेव्हाच्या ८२ रुपयांच्या डॉलरनं हिशेब केला तर टाकीतल्या गॅसची किंमत ४५० रुपयांच्या आत. ग्राहक देत होता १,१०२. मधल्या साडेसहाशे रुपयांत वाहतूक, कमिशन आणि कर धरले तरी ते अंतर भरून निघत नाही. उरलेलं काय होतं? आधीच्या तोट्याची वसुली.

म्हणजे युद्धाचं बिल माफ झालं नव्हतं, ते उधारीवर टाकलं होतं. सावकाराकडं पेरणीला उचल घेतली की ती सुगीत कापून घेतात, तसं भाव चढला तेव्हा थोडं सांभाळलं आणि भाव पडला तेव्हा वसूल केलं. कंपनीच्या ताळेबंदात हे चालून जातं. पण रोजंदारीवरच्या घराला १,१०० रुपये त्या दिवशी हातात लागतात. मागच्या वर्षी आपण वाचवले होते, हे त्याच्या गाठीला नसतं.

कपात कधी झाली तेही पाहावं. २०२१ च्या ऑक्टोबरपासून पाच राज्यांच्या निवडणुका होईपर्यंत टाकी एकाच भावावर थांबली. १० मार्च २०२२ ला निकाल लागले आणि २२ मार्चला पन्नास रुपये वाढले. ऑगस्ट २०२३ ची दोनशेची कपात राजस्थान-मध्य प्रदेशच्या निवडणुकांच्या तोंडावर झाली आणि मार्च २०२४ ची शंभराची कपात लोकसभेची आचारसंहिता लागण्याच्या आठवडाभर आधी. सरकार कुठलंही असो, टाकीचा भाव हा नुसता बाजाराचा भाव नसतो, एवढं यातून दिसतं.

आता डॉलरचीही भर

पुढच्या युद्धाची वाट न बघताही टाकी महाग होऊ शकते. फेब्रुवारी २०२२ मध्ये डॉलर ७५ रुपयांच्या आसपास होता. डिसेंबर २०२५ मध्ये त्यानं नव्वदी ओलांडली. समजा सौदी दर टनाला ६०० डॉलर आहे. ७५ च्या डॉलरनं टाकीतला गॅस ६३९ रुपयांना पडतो, ९० च्या डॉलरनं ७६७ रुपयांना. गॅस तोच, देश तोच, जहाज तेच. नुसत्या रुपयाच्या घसरणीनं एका टाकीमागं १२८ रुपये.

२०२५ च्या अखेरीस एक दिलासा होता. त्या शेवटच्या महिन्यांत सौदी दर ५०० डॉलरच्या आसपास उतरला. त्यामुळं डॉलर नव्वदला असूनही टाकी एप्रिलपासून वर्षाच्या अखेरीपर्यंत तिथंच राहिली. पण ती खालीही आली नाही. कारण पुन्हा तेच. फेब्रुवारी २०२५ मध्ये सौदी दर ६२९ डॉलर असताना टाकी ८०२ रुपयांत विकली, त्याचा तोटा साचला. त्या भरपाईसाठी केंद्रानं ऑगस्ट २०२५ मध्ये ३० हजार कोटी मंजूर केले.

नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारी तेल कंपन्यांनी अमेरिकेतून वर्षाला २२ लाख टन एलपीजी आणण्याचा करार केला. २०२६ सालासाठीचा हा करार आपल्या आयातीच्या सुमारे १० टक्के आहे. सगळी अंडी एका टोपलीत नकोत, हा विचार बरोबर आहे. होर्मुझ बंद पडली तर एवढा तरी गॅस दुसऱ्या वाटेनं येईल. पण आखातातलं जहाज आठवडाभरात आपल्या बंदराला लागतं, अमेरिकेच्या जहाजाला महिना-दीड महिना लागतो. आणि भाव? तो जागतिक बाजाराचाच राहणार. वाट बदलली म्हणून ओझं हलकं होत नाही.

उज्ज्वलाच्या टाकीचं खरं मोजमाप

१ मे २०१६ ला उत्तर प्रदेशातल्या बलियामधून उज्ज्वला योजना सुरू झाली. २०२५ मध्ये देशात १० कोटी ३३ लाखांच्या आसपास जोडण्या होत्या. आपल्या पाचही तालुक्यांत, कळमनुरीच्या डोंगरपट्ट्यापासून वसमतच्या सखल भागापर्यंत, वाड्या-तांड्यांवर शेगडी पोचली ती याच योजनेमुळं. पण जोडणी मिळणं वेगळं आणि टाकी पुन्हा भरणं वेगळं.

उज्ज्वलाच्या एका घरानं वर्षाला सरासरी किती टाक्या घेतल्या, याचे देशाचे आकडे बोलके आहेत. २०१९-२० मध्ये ३.०१. कोरोनाच्या वर्षी तीन टाक्या मोफत मिळाल्या तेव्हा हा आकडा ४.३९ झाला. मोफत संपलं, भाव चढला आणि २०२१-२२ मध्ये तो ३.६८ वर उतरला. मे २०२२ पासून २०० रुपयांचं अनुदान सुरू झालं, ऑक्टोबर २०२३ मध्ये ते ३०० झालं आणि २०२४-२५ मध्ये आकडा ४.४७ पर्यंत पोचला.

याचा अर्थ काय? गावातल्या बाईला चूल आवडते म्हणून ती चुलीवर बसत नाही. हातात टाकीचे पैसे आले की ती गॅस घेते, नसले की नाही. पाच माणसांच्या घराचा पूर्ण स्वयंपाक गॅसवर करायचा तर वर्षाला सात-आठ टाक्या सहज लागतात. साडेचार टाक्या म्हणजे जवळजवळ निम्मं वर्ष चूल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत ग्रामीण भारतातल्या १०० पैकी ४३ घरांतच स्वच्छ इंधनावर स्वयंपाक होत होता.

मजुरीच्या मापानं मोजलं तर जास्त कळतं. २०२३-२४ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी २७३ रुपये होती आणि टाकी १,१०२ रुपयांना. म्हणजे एका टाकीला चार दिवसांचं काम. २०२५-२६ मध्ये मजुरी ३१२ आणि टाकी ८५२, म्हणजे पावणेतीन दिवस. उज्ज्वलाचं ३०० चं अनुदान धरलं तर ५५२ रुपये, पावणेदोन दिवस. बरं चाललंय असं म्हणता येईल. पण हे अनुदान २०२५-२६ साठी वर्षाला नऊ टाक्यांपुरतंच होतं. आणि उज्ज्वलात नसलेल्या घरांना जून २०२० पासून अनुदानच नाही, मग ते घर दोन एकर कोरडवाहूचं असलं तरी.

राज्याची मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना आहे. ३० जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार उज्ज्वलाच्या आणि लाडकी बहीण योजनेत पात्र महिलांच्या कुटुंबाला वर्षाला तीन टाक्या मोफत. मोफत म्हणजे आधी पूर्ण पैसे भरायचे आणि मग रक्कम खात्यात यायची. जोडणी महिलेच्या नावावर पाहिजे, आधार बँक खात्याशी जोडलेलं पाहिजे, ई-केवायसी झालेली पाहिजे. ज्या दिवशी टाकी संपते त्या दिवशी पूर्ण टाकीचे पैसे हातात नसणं, हाच तर मूळ प्रश्न आहे. खात्यात नंतर येणारे पैसे तो प्रश्न अर्धाच सोडवतात. २०२५ च्या पावसाळ्यात अतिवृष्टीनं सोयाबीन गेलेल्या घरात त्यानंतरच्या हिवाळ्यात टाकीचे साडेआठशे शोधणं किती अवघड होतं, हे वेगळं सांगायला नको.

चूल फुकट आहे का?

गॅस महागला की म्हणतात, चूल आहेच की, जळतन फुकट. ते फुकट नाही.

एक तर जळतनच कमी झालं. पूर्वी कापसाचं रान जास्त होतं. वेचणी झाली की पऱ्हाट्यांच्या मोळ्या अंगणात रचल्या जायच्या आणि वर्षभर पुरायच्या. आता रानं सोयाबीनची झाली. सोयाबीनचं भुसकट चुलीत धड पेटत नाही, धूरच जास्त. तुराट्या तेवढ्या राहिल्या. ट्रॅक्टर आले, बैलजोड्या गेल्या, तसं शेणही कमी झालं आणि गवऱ्याही. त्यातच वसमत-औंढा-कळमनुरीच्या पट्ट्यात हळद काढणीला आली की ती शिजवायला ढीगभर लाकूड लागतं. हळदीची कढई किंवा कुकर आणि घरची चूल एकाच सरपणावर हक्क सांगतात, तेही एकाच मोसमात.

दुसरं म्हणजे धूर. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुरामुळं २०२० या एका वर्षात जगात ३२ लाख माणसं दगावली. त्यात आया आणि त्यांच्या कडेवरची लेकरं सगळ्यात पुढं असतात, कारण चुलीपाशी तीच असतात.

तिसरं, बाईचा वेळ. सरपण गोळा करणं, फोडणं, वाळवणं, पावसात झाकणं. टाकीचा भाव वाढला की घरखर्चाच्या वहीत पैसे वाचलेले दिसतात आणि तिच्या दिवसातले तास गेलेले दिसत नाहीत.

एका बादलीचा हिशेब

आता मूळ मुद्द्याकडं, आंघोळीच्या पाण्याकडं येऊ. आकडे ढोबळ आहेत, पण घरच्या निर्णयाला पुरेसे आहेत.

२० लिटरची बादली, पाणी २० अंशांवरून ४० अंशांपर्यंत तापवायचं. साध्या शेगडीवर पातेल्यात तापवलं तर उष्णता बाजूनं वाया जाते. ते धरून सुमारे ६० ग्रॅम गॅस लागतो. २०२५ च्या भावानं टाकी ८५२ ला धरली तर गॅस किलोला ६० रुपये. एक बादली साडेतीन रुपयांच्या वर. पाच माणसांचं घर असेल तर दिवसाला ३०० ग्रॅम, १८ रुपये. महिन्याला ९ किलो, ५४० रुपये. म्हणजे सगळ्यांची आंघोळ गॅसवरच्या पाण्यानं होत असेल तर टाकीचा जवळपास दोन तृतीयांश भाग न्हाणीत जातो.

हेच पाणी तीन दगडांच्या चुलीवर तापवलं तर बादलीला किलोभर सुकं लाकूड जातं, कारण अशा चुलीत दहा-पंधरा टक्केच उष्णता भांड्याला लागते. म्हणजे लाकूड विकत घेत असाल आणि ते किलोला चार रुपयांपेक्षा महाग पडत असेल, तर चूल गॅसपेक्षा महाग. उज्ज्वलाच्या ग्राहकाला तर अडीच रुपयांच्या वरचं लाकूडही परवडत नाही. बंबात जाळ मधल्या नळकांड्यातून जातो, पाणी भोवताली असतं, म्हणून लाकूड बरंच कमी लागतं. आजीच्या काळातला तांब्याचा बंब मोडीत घालण्याआधी हे लक्षात घ्या.

विजेच्या रॉडला बादलीमागं साधारण अर्धा युनिट लागतो. आपल्या बिलात सगळे आकार धरून युनिट सात रुपयांच्या आत पडत असेल तर रॉड गॅसच्या बरोबरीचा किंवा स्वस्त. पण महिन्याचे १०० युनिट ओलांडले की वरच्या युनिटांना महावितरणचा पुढचा, चढा दर लागतो. पाच बादल्यांचे महिन्याला ७५ युनिट होतात, म्हणजे तो टप्पा ओलांडायला वेळ लागत नाही. आणि रॉड पाण्यात असताना बादलीला हात लावायचा नाही, आधी बटण बंद करून पिन काढायची. लेकराबाळांच्या घरात हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

घरात काय करता येईल?

पाणी तापवणं गॅसवरून हटवता आलं तर हिवाळ्यातला निम्मा प्रश्न सुटतो, कारण स्वयंपाकाला दुसरं सोयीचं इंधन नाही, पाण्याला आहे. ऊन आपल्याकडं थंडीतही भरपूर. सौर बंब बसवता आला तर उत्तमच. नाही जमलं तरी काळा रंग दिलेला ड्रम किंवा हंडे दुपारभर उन्हात ठेवून लहान मुलांची, म्हाताऱ्यांची आंघोळ दुपारी उरकणाऱ्या घरांचा गॅस वाचतोच. सकाळी तापवायचंच असेल तर झाकण ठेवून तापवावं आणि उकळी फुटेपर्यंत थांबू नये.

दारात तीन-चार जनावरं असतील तर गोबरगॅस अजूनही सगळ्यात भक्कम उपाय आहे. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं. नीट चाललं तर महिन्याला दीड टाकीहून जास्त एलपीजीचं काम होतं. थंडीत गॅस कमी सुटतो, हे खरं आहे, कारण आतले जीवाणू मंदावतात. पण तो गॅस होर्मुझमधून येत नाही आणि राहिलेली स्लरी रानात खत म्हणून जाते. पूर्वी बांधलेले आणि आज पाला-पाचोळ्यानं भरलेले गोबरगॅसचे खड्डे गावोगावी आहेत. नवीन बांधण्याआधी ते दुरुस्त होतात का, हे बघायला हवं.

एकरकमी पूर्ण टाकीचे पैसे जमत नसतील तर ५ किलोच्या घरगुती टाकीची सोय आहे, उज्ज्वलालाही आहे. वितरकाकडं ती मागावी. टाकीच्या पावतीतल्या भावात घरपोच आणण्याचा खर्च धरलेला असतो. गोदामावरून स्वतः टाकी आणत असाल तर त्याची सूट मागणं हा हक्क आहे, उपकार नाही. पावती घ्या, तिच्यापेक्षा जास्त पैसे देऊ नका. तक्रारीसाठी १८००-२३३३-५५५ हा टोल फ्री क्रमांक आहे आणि गळती झाल्यास १९०६.

जिल्ह्यानं काय करावं?

तीन गोष्टी मुंबई-दिल्लीची वाट न बघता होऊ शकतात. एक, ई-केवायसी आणि आधार जोडणी राहिली म्हणून अनुदान आणि अन्नपूर्णाचे पैसे अडकलेल्या महिलांची गावनिहाय यादी लावून ग्रामपंचायतीतच शिबिरं घ्यावीत. एका अंगठ्यासाठी तालुक्याला जाण्यात एका दिवसाची मजुरी बुडते. दोन, आश्रमशाळा, वसतिगृहं आणि अंगणवाड्यांत पाणी तापवायला सौर बंब बसवावेत. तिथला गॅस वाचेल आणि गावालाही ते चालताना दिसेल. तीन, बंद पडलेल्या गोबरगॅस संयंत्रांची मोजणी करून दुरुस्तीला पैसा द्यावा.

वर सरकारकडं मागणी एकच असावी. भाव चढला की कंपन्यांना भरपाई आणि भाव पडला की ग्राहकाकडून वसुली, हा दुहेरी हिशेब लोकांपुढं उघडा मांडावा. दर महिन्याला सौदी दर किती, डॉलर किती, टाकीत गॅस किती रुपयांचा आणि वरचा खर्च किती, हे वितरकाच्या दुकानाबाहेर फळ्यावर लिहायला काय हरकत आहे? मोंढ्यात हळदीचा आणि सोयाबीनचा भाव रोज लिहिला जातोच की.

पुढचं युद्ध कधी होईल, ते आपल्या हातात नाही. होर्मुझ उघडी राहील की बंद, तेही नाही. पण पुढच्या वेळी बातमी आली की एवढं ध्यानात ठेवायचं : लगेच भाव वाढला नाही म्हणून धोका टळला असं समजू नये. बिल मागून येतं. ते येण्याआधी निदान न्हाणीतलं पाणी तरी आपल्या उन्हावर, आपल्या शेणावर, आपल्या बंबावर तापत असलं पाहिजे.